तिसरी पिन आणि आपली जुनी घरे



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या शाळेत पिवळ्या रंगाचे मल्टिमीटर दिसू लागतात. पूर्वी अख्ख्या शाळेत काट्याचा एक मीटर असायचा आणि तो सरांच्या कपाटात कुलपात असायचा. आता थोडक्या पैशांत बाजारात मीटर मिळतो आणि मुले तो घरी नेऊन सेल, बॅटरी, रिमोट, जे सापडेल ते मोजत बसतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण मागच्या खेपेस एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमच्या घरच्या प्लगमध्ये वरच्या मोठ्या भोकात एक तार आणि खालच्या भोकात दुसरी तार घातली की मीटर कधी ४० दाखवतो, कधी ९०. मीटर बिघडलाय का?"

मीटर बिघडला नव्हता. त्याच्या घरी त्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. मुलाने हा प्रयोग एकट्याने, दुपारी, घरी कोणी नसताना केला होता, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हा लेख.

आपल्या भागातली जुनी घरे डोळ्यांसमोर आणा. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद, आळंद, कुठेही जा, गावठाणात माळवदाची घरे अजून उभी आहेत. जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचे धाबे. या घरांत वीज आली तेव्हा गरज होती दोन-चार दिव्यांची. लाकडी पट्टीवरून एक फेज आणि एक न्यूट्रल अशा दोन तारा आल्या आणि काळ्या बटणांवर काम भागले. पुढे टीव्ही आला, फ्रिज आला, मिक्सर आला, कॉम्प्युटर आला. बोर्ड बदलले, तीन भोकांची पांढरी सॉकेटे बसली. मात्र बोर्डामागे येणाऱ्या तारा त्याच दोन राहिल्या. बाहेरून सगळे नवे, आत सगळे जुने.

तिसरी तार ही काही आजची टूम नव्हे. धातूची आवरणे जमिनीशी जोडलेली असावीत हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होते. गंमत अशी की त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. राज्य बदलले, भाषेचे वाद झाले, पुढे म्हैसूरचे कर्नाटक आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. त्या नियमांच्या जागी २०१० चे आणि नंतर २०२३ चे नियमही आले. आपल्या माळवदाखालच्या दोन तारा मात्र दोनच राहिल्या!

आता ही तिसरी तार करते काय? गावातल्या डीपीवर न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो. त्यामुळे फेजला शिवलेला माणूस जमिनीवर उभा असेल तर वीज त्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून डीपीकडे जाते. फ्रिजच्या आत तार सोलवटली आणि पत्र्याला लागली की तो पत्रा म्हणजेच फेज झाला. अर्थिंगची तार असेल तर वीज त्या सोप्या वाटेने जाते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर काहीच घडत नाही. फ्रिज चालू राहतो, दूध थंड राहते आणि पत्रा कोणाच्या तरी हाताची वाट बघत बसतो.

माणसाच्या अंगातून एक मिलिअँपिअर गेला की झिणझिण्या कळतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर काही क्षण प्रवाह टिकला तर हृदयाला धोका होऊ शकतो. २३० व्होल्ट आणि अंगाचा रोध अंदाजे हजार ओहम धरला तर भागाकार करून बघा. २३० मिलिअँपिअर येतात. न्हाणीतली ओली शहाबादी फरशी आणि ओले पाय असले तर आणखी जास्त.

हे झाले सगळ्या घराचे. मोजमापाच्या उपकरणाचे दुखणे वेगळे आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. आपण उपकरण हातात घेतो ते ते सुरक्षित आहे असे मानून. ज्याने तपासायचे तेच करंट मारील अशी शंका कोणाला येत नाही.

उपकरणे दोन जातींची. एक बॅटरीवर चालणारे, म्हणजे आपला मल्टिमीटर. त्याचे आवरण प्लॅस्टिकचे असते आणि त्याचा भिंतीतल्या विजेशी संबंध फक्त तुम्ही टोचलेल्या दोन टोकांपुरता. घरात अर्थिंग असो नसो, त्याला फरक पडत नाही. दुसरी जात प्लगमध्ये खोचून चालवायची: ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, टेबलावरचा पॉवर सप्लाय. यांचे आवरण बहुधा पत्र्याचे असते आणि बनवणाऱ्याने ते तिसऱ्या पिनेच्या भरवशावर बनवलेले असते. तिसऱ्या पिनेमागे तार नसेल तर तो भरवसाच जातो.

आधी मल्टिमीटरचे बघू, कारण तो तुमच्या हातात आहे. आपल्याकडे जास्त करून डीटी-८३० या जातीचा पिवळा मीटर दिसतो. त्याच्या चकतीवर ७५० व्होल्टपर्यंतचे आकडे छापलेले असतात, पण आतली बांधणी हलकी असते आणि तारांचे वेष्टण पातळ असते. सेल, अॅडाप्टर, ट्रान्झिस्टर यांसाठी तो झकास. भिंतीतल्या विजेसाठी मी तो वापरत नाही आणि तुम्हालाही वापरू देणार नाही. त्यासाठी ज्यावर कॅट-३ आणि ६०० व्होल्ट असे छापलेले आहे, असा नावाजलेल्या कंपनीचा मीटर वायरमनकडे असावा. पिवळ्या मीटरला १० अँपिअरचे एक वेगळे भोक असते आणि त्याशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेले असते. म्हणजे त्या वाटेवर फ्यूजच नाही. लाल तार त्या भोकात राहिली आणि टोके सॉकेटमध्ये गेली की तो सरळ शॉर्ट सर्किट. ठिणगी, धूर आणि हातातली तार वितळलेली. मीटरचे अपघात जास्त करून अशा विसरण्यातूनच होतात.

त्या मुलाच्या मीटरने ४० आणि ९० का दाखवले? डिजिटल मीटर मोजण्यासाठी इतका क्षुल्लक प्रवाह घेतो की शेजारून जाणाऱ्या फेजच्या तारेचा नुसता प्रभावही त्याला पुरतो. मोकळे लोंबणारे टोक, ओली भिंत, काहीही चालते. असे आकडे स्थिर नसतात, हात जवळ नेला तरी बदलतात. मीटर खोटे बोलत नाही, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही देत नाही.

अर्थिंग आहे की नाही हे बघण्यासाठी वायरमन तीन आकडे घेतो. सॉकेट समोरून बघा, मोठे भोक वर. खालचे उजवे फेज, डावे न्यूट्रल, असा नियम. फेज आणि न्यूट्रल यांत साधारण २३०. फेज आणि मोठे भोक यांत जवळजवळ तेवढाच. न्यूट्रल आणि मोठे भोक यांत एक-दोन व्होल्ट, आणि त्याच लाइनवर इस्त्री लावली की त्यात थोडी वाढ. असे आले तर तिसरी तार निदान जोडलेली आहे. दुसरा आणि तिसरा आकडा भलताच आला तर मोठ्या भोकामागे काही नाही. आणि तिसरा आकडा इस्त्री चालू असतानाही शून्यावरच चिकटून राहिला तर मात्र जास्त सावध व्हायचे. त्या बोर्डात कोणीतरी अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून ठेवल्याची शक्यता आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

हे तीन आकडे दहावीपर्यंतच्या मुलांनी स्वतः घ्यायचे नाहीत. वायरमन किंवा जाणत्या मोठ्या माणसाने घ्यावेत आणि मुलांनी ते वहीत लिहावेत. मोठ्यांनीही पायात कोरडी चप्पल ठेवावी, काळे टोक आधी लावावे आणि लाल नंतर, दुसरा हात शक्यतो खिशात असावा. मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर बघावा, मग हवे तिथे, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या काळात मीटरच मेला असेल तर 'लाइन नाही' असे समजून कोणी तारेला हात घालू नये, म्हणून ही तिसरी खेप.

टेस्टरवर फार विसंबू नका. टेस्टरमधला दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या इवल्याशा प्रवाहावर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर तो इतका मंद लागतो की दिवसाउजेडी दिसतच नाही. उलट नुसत्या प्रभावानेही तो कधी लुकलुकतो. अर्थिंग चांगले आहे की नाही हे तर टेस्टर सांगूच शकत नाही.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला पालथा हात घासला तर झिणझिण्या येतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांचा असेल. "थोडा करंट येतोच, काही होत नाही," असे घरोघरी ऐकू येते. त्याचे कारण असे. पॉवर सप्लायमध्ये फेजपासून पत्र्यापर्यंत एक आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत एक असे दोन सारखे कपॅसिटर असतात. वीज स्वच्छ ठेवण्यासाठी ते लागतातच. त्यांतून येणारी गळती तिसऱ्या पिनेने जमिनीत जावी अशी योजना. पिनेमागे तार नसली की पत्रा दोघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगतो. गळती एक मिलिअँपिअरच्या आत असते, त्यामुळे झिणझिण्यांवर निभावते. पण ती झिणझिणी म्हणजे तिसरी तार तुटली असल्याची चिठ्ठी आहे. ती वाचायची सोडून आपण कॅबिनेटखाली पुठ्ठा घालतो!

यात आणखी एक मेख आहे. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्युटर, पॉवर सप्लाय, सोल्डरिंग आयर्न असे सगळे लावले की सगळ्यांच्या तिसऱ्या पिना बोर्डाच्या आत एकमेकींना जोडल्या जातात. जमिनीकडे वाट नाही, पण आपसात आहे. मग एका जुन्या इस्त्रीत दोष झाला की तिचा फेज सगळ्यांच्या पत्र्यांवर पसरतो. निर्दोष उपकरणही तिच्या पापाचे वाटेकरी होते.

आता ऑसिलोस्कोप. तो प्रत्येकाच्या घरी नसतो हे खरे, पण डिप्लोमा आणि आयटीआयची मुले जुने स्कोप विकत घेऊन घरी आणतात आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. स्कोपच्या प्रोबला जी काळी चिमटी असते ती स्कोपच्या पत्र्याला आणि तिसऱ्या पिनेला आतून जोडलेली असते. मल्टिमीटरच्या काळ्या तारेसारखी ती कुठेही लावायची नसते. अर्थिंग असलेल्या घरात चिमटी चुकून फेजला लागली तर मोठा आवाज होतो, चिमटीचे टोक उडते, फ्यूज जातो. अर्थिंग नसलेल्या घरात आवाज होत नाही. स्कोप शांतपणे चालू राहतो आणि त्याचा सगळा पत्रा, प्रत्येक बटणाचा स्क्रू, फेज होऊन बसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. उमेदवारीच्या काळात मी एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. रंगीत टीव्हीच्या पॉवर सप्लायचा एक भाग सरळ मेन लाइनवर असतो, आम्ही त्याला हॉट चॅसिस म्हणायचो. तिथे चिमटी लावली की फ्यूज उडायचा, म्हणून दुकानात कोणीतरी स्कोपच्या प्लगची तिसरी पिनच कापून टाकली होती. फ्यूज उडायचा बंद झाला. सगळ्यांना ती मोठी हुशारी वाटली, मलाही. एका संध्याकाळी उजवा हात स्कोपच्या बटणावर असताना डावा खिडकीच्या गजाला लागला. पुढचे मला नीट आठवत नाही. शेजारच्याने बोर्डाचे बटण बंद केले म्हणून सुटलो. डाव्या तळहातावरचा डाग प्रयोगशाळेत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे आणि विचारलेही आहे. हे त्याचे उत्तर.

खरा उपाय उलटा आहे. स्कोपची पिन कापायची नाही. जो टीव्ही दुरुस्त करायचा तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर लावायचा, म्हणजे त्याचा जमिनीशी संबंध तुटतो आणि स्कोप जमिनीला जोडलेलाच राहतो. किंवा बॅटरीवर चालणारा, प्लॅस्टिकच्या आवरणाचा हातातला स्कोप घ्यायचा, तोही त्यावर छापलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत. दुकानांत शंभरच्या बल्बचा जो सिरीज बोर्ड असतो तो चांगला आहे, शॉर्ट झालेला सेट लावला तर फ्यूजऐवजी बल्ब पेटतो. पण सिरीज बोर्ड करंटपासून माणसाला वाचवत नाही. बल्ब मध्ये आहे म्हणून बिनधास्त हात घालणारे उस्ताद मी पाहिले आहेत, तुम्ही त्यांचे अनुकरण करू नका.

आता त्या तुकड्याबद्दल. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रलमधून एक तुकडा मोठ्या भोकाला जोडून देण्याची पद्धत सर्रास आहे. मीटरवर आकडे सुंदर येतात, झिणझिण्याही थांबतात. पण माळवदावरून येणाऱ्या जुन्या तारेत न्यूट्रलचा सांधा कुठे सैल झाला की चालू उपकरणातून आलेला फेज त्याच तुकड्यावाटे सगळ्या पत्र्यांवर येतो. खांबावर काम करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तर पत्रे थेट फेजलाच लागतात. यापेक्षा रिकामे भोक परवडले. नळाच्या पाइपाला तार गुंडाळणे हेही तसेच. आता बरेच पाइप प्लॅस्टिकचे आहेत, आणि लोखंडी असला तर शेजारच्या न्हाणीत कोण उभे आहे हे आपल्याला माहीत नसते. न्यूट्रल गेला म्हणून अर्थच्या खुंटीवर दिवे चालवण्याची खोडही काही गावांत आहे. तसे केले की ती खुंटी आणि तिला जोडलेले पत्रे यांच्यावरच करंट येऊ शकतो, आणि शेजारची जमीनही त्यातून सुटत नाही.

मग ज्याच्या घरी आज अर्थिंग नाही त्याने काय करावे? सगळी वायरिंग बदलणे लगेच जमत नाही, हे मी समजतो. पहिली गोष्ट आरसीसीबी बसवणे, ३० मिलिअँपिअरचा. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो का एवढेच हे यंत्र बघत असते. मधे कुठे, कोणाच्या अंगातून, जमिनीत गेला तर ते क्षणाच्या अंशात लाइन तोडते. विशेष म्हणजे त्याला काम करायला अर्थिंगची तार लागत नाही. झटका बसेल, पण माणूस चिकटून राहणार नाही. त्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून बघावे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला मात्र तेही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या हिशेबाने तो एक दिवाच असतो.

दुसरी गोष्ट, घरात इन्व्हर्टर असेल तर 'लाइन गेली आहे' हे वाक्य विसरून जा. लाइन गेल्यावर बोर्ड उघडून बसणारे पुष्कळ असतात आणि इन्व्हर्टर त्याच बोर्डाला २३० व्होल्ट देत असतो.

आणि तिसरी, प्लगवर चालणारी पत्र्याची उपकरणे अशा घरात लावूच नयेत. ती शाळेत आणावीत. इथे मला आपल्या विश्वस्त मंडळींनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण मग शाळेचे अर्थिंग भरवशाचे हवे.

आपल्याकडची जमीन या कामी फसवी आहे. बिदरच्या पठारावर जांभा. तो पाणी धरून ठेवत नाही, खाली झिरपू देतो. नौबादचा भुयारी करेज याच गुणावर चालत असे. कलबुर्गीकडे काळी माती, ती पावसात छान ओली असते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्यातला पाइप आणि माती यांची फारकत झाली की अर्थिंग नावापुरते उरते. हिशेब बघा: अर्थचा रोध २० ओहम झाला तर दोष झाल्यावर प्रवाह ११.५ अँपिअर, आणि १६ अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही. आयएस ३०४३ या भारतीय मानकात पाइपाची लांबी निदान अडीच मीटर सांगितली आहे. कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची रीत सर्वांना माहीत आहे. पण पावसाळ्यानंतर मोजलेला आकडा उन्हाळ्यात खरा नसतो. म्हणून मोजणी परवानाधारक वायरमनकडून, त्याच्या अर्थ टेस्टरवर, होळी झाल्यावर करून घ्यावी. साध्या मीटरने ती होत नाही. फेज आणि अर्थ यांत बल्ब लावून बघण्याचा जुना प्रयोग तर मुळीच करू नये. अर्थची तार कुठे तुटली असेल तर त्या बल्बातून सगळ्या प्रयोगशाळेच्या टेबलांवर फेज जाईल.

आलेला आकडा तारखेसह खडूने नव्हे, रंगाने खड्ड्याच्या झाकणावर लिहावा. गेल्या वर्षी खडूने लिहिला होता, तो पहिल्याच पावसात धुऊन गेला. उन्हाळाभर त्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी घालण्याची पाळी नववीच्या वर्गाकडे द्यावी, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे. बादली प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी ठेवली आहे.